मला पुढं पुढं करायला जमत नाही

"काम मी करतो, नाव दुसऱ्याचं होतं." समुपदेशन करताना नोकरी करणाऱ्यांकडून ही तक्रार मी कायम ऐकते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला असलेला तिशीतला इंजिनिअर हेच घेऊन आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

सेकंड शिफ्टच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, ब्लोहोल (आतल्या पोकळ्या) वाढले होते. यानं रोज मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, रेतीचे नमुने तपासले. ओलावा जास्त पडत होता. जादा पाण्याची वाफ होते, ती धातूत अडकते आणि आत पोकळी राहते. पाणी आटोक्यात आल्यावर रिजेक्शन उतरलं. चहा पिताना त्यानं हे सुपरवायझरला सांगितलं. सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरनं ते स्वतःचं म्हणून मांडलं. हा समोर बसून गप्प.

"मॅडम, आपल्याला चमचेगिरी जमत न्हाई. काम बोलतंय, एवढंच आम्हाला माहीत."

मी विचारलं, "मग शिफ्ट सुटल्यावर रोज दोन तास कशासाठी थांबता? हक्काची रजासुद्धा घेत नाही?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "कुणाच्या तरी लक्षात येईल असं वाटतं."

एडवर्ड जोन्स आणि थेन पिटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये छाप पाडण्याचे पाच मार्ग मांडले: गोड बोलून मर्जी मिळवणं, आपली कर्तबगारी सांगणं, निष्ठेचा आदर्श घालून देणं, धाक दाखवणं आणि बिचारेपणा पुढं करणं. चमचेगिरी यातली पहिली. याचं उशिरापर्यंत थांबणं तिसरं. म्हणजे छाप पाडायची धडपड तोही करत होता, फक्त न बोलता. आणि या तिसऱ्या मार्गात एक धोका असतो. वेळेवर घरी जाणाऱ्यांना वाटतं, हा आपल्याला कमी लेखतोय. "जरा मिसळून राहा," असं मॅनेजर त्याला एकदा म्हणालेही होते.

शिवाय आपल्या मनातलं लोकांना दिसतंच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते फार कमी दिसतं. मॅनेजरला त्याचा थकवा दिसला नव्हता, रागही नाही. दिसला तो फक्त आखडूपणा.

मला हे मनापासून वाटतं की खरं काम, खरं तेवढंच, निर्णय घेणाऱ्याला वेळेवर सांगणं ही चमचेगिरी नाही. रेतीचा दोष कुणी शोधला हे मॅनेजरला कळलंच नाही, तर पुढच्या वेळी ते विचारणार कुणाला?

आम्ही बोलायचा सराव केला. "ओलावा जास्त होता. पाणी कमी केलं. रिजेक्शन उतरलं," टेबलाकडं बघत तो भराभर म्हणाला.

"आणि तपासलं कुणी?"

पहिल्यांदाच हसला. पुन्हा म्हणाला, या वेळी माझ्याकडं बघून: "ओलावा मी तपासला. मोल्डिंगच्या पोरांनी पाणी सांभाळलं."

मीटिंगआधी मॅनेजरला चार ओळींचा मेसेज, त्यात मदत करणाऱ्यांची नावं, आणि काम नसेल तर वेळेवर घरी, एवढं ठरलं. जिथं वरिष्ठांना फक्त हांजी हांजी हवी असते तिथं याचा उपयोग होत नाही. तिथं स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा दुसरी नोकरी बघावी, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याच्या मॅनेजरनं मात्र मेसेज वाचून त्याला कस्टमर ऑडिटला, म्हणजे ग्राहक तपासणीला येतात तेव्हा, बोलायला सांगितलं. सुपरवायझरशी अजून ताणलेलंच आहे, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.