राखाडी गर्दी आणि त्यात एक लाल माणूस: कोलाजसाठी ही कल्पना कशी वाटते?

‘व्यक्तीचं वेगळेपण आणि समाजाचा एकसारखेपणा’ यावर तुम्हाला मिश्र माध्यमात कोलाज करायचंय आणि राखाडी गर्दीतला एक लाल माणूस डोक्यात आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी चित्रकला शिकवते. माझं स्पष्ट मत सांगते, लाल माणूस सोडून द्या. एकाला वेगळं ठरवायच्या नादात बाकी सगळ्यांना तुम्हीच एका साच्यात कोंबता. त्या राखाडी माणसांचंही आपापलं काही असतंच की! आणि ते दाखवायला कोलाजइतकं सोयीचं माध्यम नाही.

जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराचं १९५५ सालचं ‘टार्गेट विथ फोर फेसेस’ बघा. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, फोटो नेटवर सहज मिळेल. लाल पार्श्वभूमीवर नेमबाजीच्या लक्ष्याची निळी-पिवळी वर्तुळं, वर लाकडी खोक्यात ओळीने प्लास्टरचे चार चेहरे, सगळे डोळ्यांच्या खाली कापलेले. नाक, ओठ, हनुवटी सगळं जागेवर आहे, तरी माणूस ओळखू येत नाही. ओळख काढून घ्यायला डोळे झाकले तरी पुरतं, हे मला त्या चित्राने शिकवलं. खोक्याला बिजागरीची फळीही आहे. ती खाली पाडली की चेहरे आत आणि उरतं फक्त लक्ष्य.

पण तुमच्या कामाचं आहे ते त्या वर्तुळांच्या आत. कापडावर वर्तमानपत्राचे तुकडे आणि त्यावर वितळलेल्या मेणात कालवलेला रंग. मेण पटकन थिजतं, म्हणून कुंचल्याचा प्रत्येक फटकारा सुटा राहतो आणि मधूनमधून खालचा कागद डोकावतो. लांबून एकसंध वर्तुळ, जवळ गेलं की तुकडेच तुकडे.

हेच तुम्ही मेणाशिवाय करू शकता. प्लायवूडवर सगळ्या आकृत्या एकाच मापाच्या कापून लावा, पण प्रत्येकीचा कागद निराळा घ्या: जुनं पत्र, किराण्याची यादी, शाळेच्या वहीचं पान, साडीचा काठ, गणवेशाचं कापड. मूळ पत्रं वापरू नका, झेरॉक्स काढा. इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलने पसरते, झेरॉक्सची पसरत नाही. वर्तमानपत्र वापरलंत तर त्याला दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक मीडियम (ॲक्रिलिक रंगासारखंच, पण बिनरंगी द्रव) लावा. तो कागद पिवळा पडतोच, पण मीडियममुळे जरा टिकतो.

रात्रभर वाळू द्या. मग सगळ्यांवर एकच पांढरट राखाडी ॲक्रिलिक पातळ करून फिरवा आणि मिनिटभरात ओल्या फडक्याने टिपा. काही आकृत्यांवर जोरात, काहींवर हलक्या हाताने. कुठे अक्षर वर येईल, कुठे नुसती साडीची जर चमकेल. कुणाला किती उघडं करायचं, हा निर्णय सगळ्यात अवघड आहे आणि खरं चित्र तिथेच घडतं. त्यावर वेळ घालवा. फार झाकलं गेलं तर रंग पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, खालचा थर परत दिसू लागतो.

आणि लाल अगदी हवाच असेल, तर सगळं चिकटवण्याआधी अख्ख्या प्लायवूडला लाल अस्तर द्या. मग आकृत्यांच्या मधल्या फटींतून तो सगळ्यांनाच थोडा थोडा मिळेल.