मेंदू शिकायचाय, डॉक्टर व्हायचं नाही

प्रश्न : ताई, मी बार्शीला बारावी विज्ञानला आहे. घरी सगळ्यांनी 'नीट' ही मेडिकलची परीक्षाच धरून ठेवली होती म्हणून अकरावीला गणित सोडलं. माझ्या आजोबांना पार्किन्सन आहे. सकाळची गोळी घेईपर्यंत त्यांना खाटेवरून उठवत नाही. गोळी लागू पडली की तेच आजोबा अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालतात. मधल्या वेळात डोक्यात काय होतं, ते मला शिकायचंय. पेशंट तपासायचे नाहीत. पदवीलाच न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं शास्त्र, घेता येतं का? मैत्रीण म्हणते, ते फक्त परदेशात असतं. बाबा म्हणतात, त्यात भविष्य नाही.
— बारावीतली वाचक, बार्शी

उत्तर : तुझ्या आजोबांच्या गोळीपासूनच सुरुवात करते. त्यात बहुतेक लेव्होडोपा असणार. मेंदूच्या बुडाशी काळपट पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा. या पेशी डोपामिन तयार करतात. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात आणि माणसाला हालचाल सुरू करणंच जड जातं. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

हे कसं कळलं, ते तू नीट वाचावंस असं मला फार वाटतं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. रिसर्पिन आपल्याकडच्या सर्पगंधेतून निघतं आणि त्या काळी ते रक्तदाबावर देत. ससे निपचित पडले. त्यांना डोपा (लेव्होडोपा त्याचाच एक प्रकार) टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. १९५७ साली हे प्रसिद्ध झालं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. ते शिकले होते वैद्यक आणि औषधशास्त्र. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा जातो, याची समीकरणं १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी मांडली. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर त्यांनी मोजमापं घेतली आणि हक्सलींनी ती समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फळमाशीच्या वासाच्या ज्ञानावर ओबैद सिद्दीकींनी काम उभं केलं. ते मूळचे बुरशी आणि जिवाणूंच्या आनुवंशिकीतले. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरॉनिका रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, आणि त्यांची पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची.

ही सगळी माणसं मेंदूकडे वेगवेगळ्या वाटांनी आली. मी स्वतः कोल्हापुरात भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि आज माशीच्या मेंदूवर काम करते. म्हणून पदवीच्या कागदावर 'न्यूरोसायन्स' हा शब्द असलाच पाहिजे, हा हट्ट सोड. अमेरिकेत ॲमहर्स्ट कॉलेजने पदवीला हा विषय १९७३ साली सुरू केला, आणि असं करणाऱ्या तिथल्या पहिल्या कॉलेजांपैकी ते एक. म्हणजे हा विषय पदवीला आला तोच उशिरा.

आता आमच्या कामाचा एक दिवस सांगते. माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. त्यात साधारण १ लाख ४० हजार चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. काचेची नळी तापवून ताणायची, तिचं टोक मायक्रॉनभर करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते एका पेशीला अलगद टेकवायचं. पेशीचा संदेश दिसेल म्हणून पडद्याकडे बघावं, तर तिथे घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण! मग दिवा बंद कर, पंप बंद कर, यंत्राभोवतीच्या धातूच्या जाळीच्या पिंजऱ्याचं अर्थिंग तपास, एकेक प्लग काढून बघ. दुपार त्यातच जाते. संध्याकाळी मिळालेल्या आकड्यांवर पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. अशा दिवसात जीवशास्त्र लागतं, आणि विद्युत, संख्याशास्त्र, कलनही तितकंच लागतं.

तेव्हा तुझी खरी अडचण बाबा नाहीत. सोडलेलं गणित ही अडचण आहे, आणि ती दूर करणं तुझ्या हातात आहे.

पुण्यात पाषाणला आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम. प्रवेश आयसरच्याच आयएटी या प्रवेश परीक्षेतून होतो : ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित प्रत्येकी १५. या चारांपैकी तीन विषय बारावीला असले तरी परीक्षेला बसता येतं, म्हणजे तुलाही. मात्र आत गेल्यावर सुरुवातीला गणित सगळ्यांनाच शिकावं लागतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा चार वर्षांचा बी.एस. उत्तम आहे, पण तिथे बारावीला गणित सक्तीचं आहे. ते दार पदवीपुरतं बंद समज. पुढे पीएच.डी.ला तिथल्या सेंटर फॉर न्यूरोसायन्सचं दार उघडं असतं. आयसर नाही मिळालं, तर सोलापूर किंवा पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. कर. प्राणीशास्त्र घेतलंस तरी सोबत संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मिळतंय का बघ. त्यानंतर हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, गांधीनगर आणि कानपूरच्या आयआयटींत कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे आकलनाचं शास्त्र, आहे.

नीट झाली की बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं उघड. ती ऑनलाइन फुकट मिळतात. विकलन, संकलन, विकल समीकरणं, आव्यूह, संभाव्यता एवढी प्रकरणं वहीत सोडव. मार्कांची घाई नाही. हॉजकिन-हक्सलींच्या समीकरणांपाशी एक दिवस तू पोचशील, तेव्हा हेच लागणार आहे.

आजोबांच्या गोळीची वेळ आणि त्यांना उठता येण्याची वेळ रोज लिहून ठेव. जेवण गोळीच्या आधी झालं की नंतर, तेही लिही. प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात, त्यामुळे ही नोंद त्यांच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. डोसात मात्र तुम्ही घरी काही बदल करू नका.

प्रश्न : मुलीला इंग्लंडमध्ये बी.एस्सी. न्यूरोसायन्सला प्रवेश मिळतोय. घर गहाण टाकावं का? परत आल्यावर तिला दवाखाना काढता येईल ना?
— एक वडील, नाशिक

उत्तर : दवाखाना काढता येणार नाही, दादा. हे आधीच स्पष्ट झालेलं बरं. न्यूरॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम लागतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. न्यूरोसायन्सची पदवी संशोधनाची आहे आणि तिच्या पुढे पीएच.डी. जवळजवळ ठरलेली. इंग्लंडची पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि ती चांगलीच असते. पण त्यासाठी राहतं घर गहाण टाकू नका.

पदवी इथे होऊ द्या. परदेशी जायचंच असेल तर पीएच.डी.ला जावं, कारण अमेरिकेत या विषयाच्या पीएच.डी.ला साधारणपणे फी माफ असते आणि वर पाठ्यवेतन मिळतं. आपल्याकडेही २०२३पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजारांची आहे, पुढे ती ४२ हजार होते.

आपल्या तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काम करायला पाठ्यवेतन देतात. कॉलेजात गेल्यावर मुलीला तिथे अर्ज करू द्या. इंग्लंडचा विषय त्यानंतर काढा, आणि तेव्हा तिचं म्हणणं आधी ऐकून घ्या.