पूर असताना फ्लोरिडात एकट्याने केव्ह डायव्हिंग (पाण्याने भरलेल्या गुहेत बुडी मारणं) करावं का?
सांता फे नदी चढलेली असताना तिच्या काठच्या जिनी स्प्रिंग्ज या झऱ्यांवर सोलो केव्ह डाइव्ह करू का, असं विचारलंयस, तर माझं उत्तर सरळ नाही असंय. पूर आला की डेव्हिल्स इअर या तिथल्या गुहेच्या तोंडावर कोऱ्या चहासारखं पाणी येऊन बसतं, आत मात्र स्वच्छ असू शकतं आणि माणूस तिथेच फसतो. बाहेर येताना शेवटच्या टप्प्यात स्वतःचा हात दिसत नाही, वाट दाखवायला गुहेत लावलेला दोर अंगठा-तर्जनीच्या कड्यात धरूनच यायचं. त्यात मोठ्या पुरात त्या भागातले काही झरे उलटे फिरतात, नदीचं पाणी आत ओढतात, मग परतताना प्रवाहाविरुद्ध जास्त गॅस (टाकीतली श्वासाची हवा) लागतो आणि एक तृतीयांशचा हिशोब (एक भाग जाताना, एक येताना, एक राखीव) पुरत नाही, शिवाय गॅस द्यायला जोडीदारही नाही. तिथल्या डाइव्ह शॉपला फोन करून नदीची लेव्हल आणि झऱ्याचा फ्लो विचार, पाणी उतरलं की जा.