आरशासमोर रोज उभं राहून सूज उतरत नाही

*‘मावशी, वय २७. काळाचौकीला आईबाबांबरोबर राहतो, नोकरी ठाण्याला. आठवीपासून छाती वाढलेली. कबड्डीत शर्ट काढायची वेळ आली की पाय मुरगळलाय म्हणायचो. शेवटी कर्ज काढून जूनअखेरीस गायनेकोचं (गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाची वाढलेली छाती) ऑपरेशन केलं. आईला ‘गाठ काढली’ एवढंच सांगितलंय. आता ७ आठवडे झाले. डाव्या निपलखाली सुपारीएवढं कडक लागतं, उजवीकडे खळगा पडल्यासारखं दिसतं. निपलला स्पर्श कळत नाही, मधूनच करंट बसतो. डॉक्टर दर वेळी ‘सेटल होईल’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. महिन्याभरावर गणपती आलेत. पथकात ढोल वाजवतो, यंदा वाजवू का? घरच्या पूजेला सोवळं नेसून उघड्या अंगाने बसायचंय. त्यात माझं लग्न ठरलंय, तिला यातलं काहीच माहीत नाही. पैसे पाण्यात गेले का? परत ऑपरेशन करावं लागेल का?’*

अरे, पैसे पाण्यात गेले की नाही हे सातव्या आठवड्यात तुझ्या सर्जनलाही सांगता येणार नाही. म्हणून तर ते ‘सेटल होईल’ म्हणतात. बरोबरच बोलतात, फक्त अर्धवट बोलतात. उरलेलं अर्धं मी सांगते.

तुझ्या निपलमागची ग्रंथी काढली, आजूबाजूची चरबी लायपोसक्शनने ओढून घेतली. आत जी पोकळी राहिली ती शरीर तशीच ठेवत नाही. आधी तिथे पाणी साचतं, सूज येते, मग ती जागा भरून काढायला आत व्रणाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. हे जाळं पहिले दोन-तीन महिने सगळ्यात घट्ट असतं. म्हणजे तुझी सुपारी आत्ताच सगळ्यात कडक लागणार. शिवाय चांगले सर्जन ग्रंथीची एक पातळ चकती निपलखाली मुद्दाम ठेवतात. सगळंच खरवडून काढलं तर निपल आत बसतो आणि बशीसारखा खोलगटपणा येतो. त्यामुळे बोटाला लागतं ते सगळं ‘राहिलेलं’ असतं असं नाही. हळूहळू ते मऊ पडतं. बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, पण शेवटची जी थोडी उरते ती तीन ते सहा महिने रेंगाळते. छातीचा खरा आकार सहा महिन्यांनी कळायला लागतो, पक्का व्हायला वर्ष जातं. पावसाळ्यात केलेला गिलावा वाळेपर्यंत ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, तेव्हा आपण गवंड्याला परत बोलावत नाही.

उजवीकडच्या खळग्याबद्दल मात्र नुसतं ‘थांब’ म्हणणार नाही. खळगा तीन कारणांनी दिसतो. एक, निपलच्या भोवतीची सूज अजून आहे आणि मधली उतरली, म्हणून मध्ये खोलगट वाटतं. ते आपोआप जुळून येतं. दोन, त्वचा खालच्या स्नायूला चिकटली. हे ओळखायची खूण म्हणजे दोन्ही हात कमरेवर दाबून छाती आवळलीस की खळगा जास्त ओढला जातो. तीन, त्या बाजूची ग्रंथी जरा जास्तच काढली गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी उपाय आहेत. सर्जनने सांगितल्याप्रमाणे मसाज, हट्टी कडकपणा असेल तर काही जणांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि शेवटी पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढून तिथे भरणं. पण दुरुस्तीचं ऑपरेशन सहा महिन्यांच्या, शक्यतो वर्षाच्या आत शहाणा सर्जन करत नाही. सुजेवर सुरी चालवली तर कुठे किती कमी-जास्त आहे याचा अंदाजच येत नाही. कोणी आत्ताच तारीख द्यायला तयार झाला, तर तिथून निघून ये.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना कागदावर प्रश्न लिहून ने: निपलमागे किती टिश्यू ठेवलाय, उजवा खळगा सुजेचा आहे की चिकटल्याचा, डावीकडे पाणी तर नाही ना, त्यासाठी सोनोग्राफी हवी का, मसाज कधीपासून आणि कसा, काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे. लिहिलेला कागद समोर ठेवला की डॉक्टरही बसतात. तरीही पुढच्या पेशंटला हाक मारली, तर ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टची झेरॉक्स घे आणि केईएम, सायन, नायर किंवा जेजे, यांतल्या कुठल्याही रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत केस पेपर काढ. रांगेत अर्धा दिवस जाईल, पण दुसरं मत मिळेल, तेही ज्याला तुला काही विकायचं नाही अशा माणसाचं.

वाट न बघता डॉक्टरांना गाठायच्या गोष्टी वेगळ्या. एकच बाजू अचानक फुगली, ताणली, लाल आणि गरम झाली, ताप आला, टाक्यातून पू आला, किंवा दाबल्यावर आत पाणी डुचमळल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखव. पाणी साचलं असेल तर सुईने काढतात, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण ते महिनोन्महिने तसंच ठेवायचं नसतं.

करंट बसतो ते मला तरी बरं लक्षण वाटतं. कापल्या-ताणल्या गेलेल्या बारीक नसा जाग्या होताना असंच होतं. संवेदना परत यायला महिने लागतात, कधी वर्षही, आणि काही जणांची थोडी बधिरता कायम राहते, हेही माहीत असू दे. तोवर एक गोष्ट कटाक्षाने पाळ: त्या भागावर गरम पाण्याची पिशवी नको, बर्फ नको. चटका बसतोय हे तुला कळणारच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येईल. आणि कोणी मालीशवाला सुचवला तर त्याला लांबूनच नमस्कार कर.

प्रेशरचं बनियन साधारण चार ते सहा आठवडे घालतात. तू अजूनही दिवसरात्र घालतोयस का, हे पत्रात नाही. घालत असशील तर डॉक्टरांना विचारून कमी कर. घालशील तेव्हा ते काखेखाली गोळा होत नाही ना बघ, सुरकुतलेल्या कापडाच्या कडा सुजलेल्या त्वचेवर खाचा पाडतात आणि मग तू त्याही खळग्यांत मोजशील. एकाला दोन बनियनं ठेव. मुंबईच्या पावसात एक वाळत नाही, तसंच दमट चढवलं की घामोळं आणि खाज ठरलेली.

आता लोकल. करी रोडहून ठाण्याला जाणारा प्रत्येक माणूस गर्दीत पाठीवरची बॅग छातीवर घेतो, तूही घेत असणार. लॅपटॉपचा कोपरा नेमका टाक्यांवर आणि मागून अख्खा डबा! बॅग रॅकवर टाक किंवा हातात खाली धर. सिगारेट, तंबाखू, गुटखा यांपैकी काही असेल तर बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, त्वचेचंही नुकसान होतं. जिममधल्या कोणी ‘कोर्स’ म्हणून स्नायू वाढवायची हॉर्मोनची इंजेक्शनं देऊ केली तर तीही नकोत. निपलखाली ठेवलेली ती पातळ चकती त्यांनी परत वाढू शकते.

ढोल? कमरेला बांधलेला ढोल एकवेळ ठीक, पण टिपरू मारताना दर ठोक्याला छातीचा स्नायू आवळतो, आणि मिरवणुकीत ते तासन् तास चालतं. सहा आठवड्यांनंतर बऱ्याच जणांना छातीच्या व्यायामाची परवानगी मिळते, तेव्हा विचारून सरावाला जा, पण आधी थोडा वेळ वाजवून दुसऱ्या दिवशी सूज वाढते का बघ. वाढली तर यंदा झांज घे. पथकातल्या पोरांना कारण सांगायची सक्ती नाही.

पूजेला खांद्यावर उपरणं घे. सोवळ्यात ते चालतं, गुरुजी काही म्हणणार नाहीत. व्रण सहसा निपलच्या खालच्या कडेला असतो, अकराव्या आठवड्यात तो लालसर दिसेल, फिका पडायला वर्ष-दीड वर्षही लागतं. घरातले लोक मूर्तीकडे आणि मोदकांच्या ताटाकडे बघतात, तुझ्या छातीकडे नाही.

आणि आरसा. बाथरूममध्ये डोक्यावरच्या दिव्याखाली उभा राहतोस ना? वरून पडणाऱ्या उजेडात सपाट छातीतही सावल्या पडतात. महिन्यातून एकदाच, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, हात खाली सोडून फोटो काढ. गारव्यात निपल आकसतो आणि उकाड्यात फुगतो, म्हणून सकाळचा-संध्याकाळचा फोटो जुळवत बसू नकोस. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या कोणाच्याच नसतात. तू उजव्या हाताने टिपरू मारत असशील तर तुझा उजवा स्नायूही थोडा मोठा असेल.

लग्न ठरलेल्या मुलीला सांग, आणि लग्नाआधी सांग. पहिल्या रात्री व्रण दाखवून खुलासा करण्यापेक्षा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून सांगणं सोपं आहे. ‘वयात येताना माझी छाती वाढली होती, मला लाज वाटायची, म्हणून ऑपरेशन केलं, अजून भरतंय.’ एवढं पुरे. पुढचं तिला विचारू दे. तिच्या मनात येणारा प्रश्न बहुतेक मूल होण्याचा असेल. ऑपरेशनआधी हॉर्मोनच्या तपासण्या केल्या असतील आणि रिपोर्ट नॉर्मल असतील, तर मूल होण्याचा या वाढलेल्या छातीशी संबंध नाही. केल्याच नसतील तर आता करून घे, म्हणजे तुला तिला अंदाजाने उत्तर द्यावं लागणार नाही.

पण त्याच्याही आधी आई. तू तिला ‘गाठ’ सांगितलंस. आपल्याकडे छातीतली गाठ म्हटल्यावर आईच्या डोक्यात काय येतं, याचा विचार केलास का? दोरीवर वाळणारं ते घट्ट काळं बनियन ती रोज बघते आणि काही विचारत नाही, ते काळजी नाही म्हणून नव्हे. तुझ्या वयात अशा ग्रंथीचा रिपोर्ट बहुतेक वेळा साधाच येतो. तो हातात पडला की आधी तिला वाचून दाखव, ऑपरेशन कशाचं होतं तेही सांग, आणि मग ढोलाचं बघू.