वाचकांचे प्रश्न : कठीणपणा बरोबर आला, तरी शाफ्ट का तुटला?

प्रश्न : आमच्या कारखान्यातील कन्व्हेअरच्या ड्रमचा शाफ्ट बसवल्यापासून पाच महिन्यांत बेअरिंगलगतच्या खांद्यावर, म्हणजे जाडी बदलते त्या पायरीवर, तुटला. माल ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा होता. तुटलेल्या तुकड्याचा कठीणपणा तीन ठिकाणी तपासला, तो ब्रिनेल २२० च्या आसपास भरला, आणि ताण चाचणीचा अहवालही समाधानकारक आहे. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत असून त्यावर वक्र रेषा दिसतात, तर एका कडेचा थोडा भाग खरखरीत आहे. कारागीर म्हणतात की लोखंडाचे आतून दाणे झाले. पुढचा शाफ्ट अधिक कठीण करून घ्यावा का? (एक लघुउद्योजक, इचलकरंजी)

उत्तर : तुटलेले तोंड आपण पुसून किंवा घासून न टाकता जपून ठेवलेत, हे फार चांगले केले, कारण या प्रकरणात सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. एकाच धक्क्यात, अतिभाराने तुटलेल्या शाफ्टचे तोंड बहुधा सगळीकडे सारखेच खरखरीत दिसते. आपल्या शाफ्टवर मात्र ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटाव्यात तशा रेषा आहेत. खांद्याच्या कोपऱ्यात पडलेली बारीक भेग भार कमीजास्त होताना किंवा यंत्र बंद-चालू होताना जिथे जिथे थबकली, तिथे तिथे ती एकेक रेष सोडून गेली. भेगेच्या दोन्ही बाजू प्रत्येक फेऱ्यात एकमेकींवर घासत राहिल्यामुळे तो भाग गुळगुळीत झाला, आणि उरलेल्या धातूला भार पेलवेना तेव्हा शेवटचा तुकडा एकदम तुटून खरखरीत राहिला. आपल्याकडे हा भाग थोडाच आहे, याचा अर्थ शाफ्टवर येणारा भार मुळात फार मोठा नव्हता. हा धातूचा थकवा आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने भेग पडून ती वाढत जाणे.

कठीणपणाच्या चाचणीला हे का कळले नाही, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिनेल चाचणीत १० मिलिमीटर व्यासाची गोळी ३००० किलो भाराने पृष्ठभागावर दाबतात. आपल्या शाफ्टवर त्यामुळे सुमारे ४ मिलिमीटर रुंदीचा खळगा पडला असेल. त्यावरून धातू दाबाला किती दाद देत नाही एवढेच समजते. साध्या पोलादाच्या बाबतीत ब्रिनेल अंकाला सुमारे ३.४५ ने गुणले की ताण सहन करण्याची कमाल क्षमता अंदाजे कळते, म्हणजे आपल्या मालाची सुमारे ७६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. माल चांगला होता, यात शंका नाही. पण या दोन्ही चाचण्यांत भार एकदाच लावला जातो, आणि आपल्या शाफ्टवर तो किती वेळा आला, हे मोजून पाहावे. ड्रम मिनिटाला १२० फेरे घेत असेल, दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे २५ दिवस काम चालत असेल, तर पाच महिन्यांत ७२ लाख फेरे होतात. पट्ट्याचा ओढा एकाच दिशेने असतो आणि शाफ्ट फिरत असतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो.

नेमका हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांनी उभा केला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि त्या अपघातात अनेक माणसे दगावली. तंतुमय लोखंड वापरून वापरून स्फटिकमय होते, असे तेव्हा पुष्कळांना वाटे. आपले कारागीर आज जे म्हणतात ते त्याच समजुतीचे रूप आहे. १८४३ साली स्कॉटिश अभियंते विल्यम रँकिन यांनी तुटलेल्या आसांचा अभ्यास करून दाखवले की भेग खांद्याच्या तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत जाते, आणि खांद्याला मोठी गोलाई ठेवावी असे सुचवले. पुढे जर्मनीत रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे नमुने फिरवून सिद्ध केले की एकदा लावल्यास सहज पेलला जाणारा ताण लाखो वेळा उलटसुलट आला तर पोलाद तुटते, आणि एका मर्यादेखाली ताण ठेवला तर ते तुटत नाही. चकचकीत घासलेल्या नमुन्यासाठी ही मर्यादा साधारणपणे कमाल ताणक्षमतेच्या निम्मी असते. लेथवरच्या हत्याराचे ओरखडे, गंज आणि तीक्ष्ण कोपरा यांमुळे प्रत्यक्ष शाफ्टची मर्यादा त्याहून पुष्कळ खाली येते.

म्हणून केवळ कठीणपणा वाढवून आपला प्रश्न सुटणार नाही. कठीण पोलादाची मर्यादा वरची असते हे खरे, पण खाच आणि ओरखडा त्याला अधिक बाधतात, आणि कोपरा तसाच राहिला तर वाढीव किमतीचा बराचसा फायदा तिथेच वाया जाईल. आधी खांद्यावरून नख फिरवून पाहा. ते अडकत असेल तर गोलाई नसल्यातच जमा आहे. इथे एक अडचण ठरलेली असते. शाफ्टची गोलाई बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा मोठी झाली तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही, म्हणून टर्नर कोपरा तीक्ष्ण काढून मोकळा होतो. त्यावर उपाय असा की शाफ्टला मोठी गोलाई ठेवावी आणि खांदा व बेअरिंग यांच्यामध्ये आतली कड उतरवलेली कडी बसवावी. गोलाईचा भाग शेवटी बारीक पॉलिश पेपरने घासून ओरखडे काढावेत, आणि कीवेचे (चावी बसवण्याच्या खाचेचे) टोक खांद्यापर्यंत नेऊ नये. त्याच रेखाटनावरून केलेले दुसरे शाफ्ट चालू असतील तर ते आजच थांबवून खांद्यावर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग, आणि तो पुसल्यावर वर मारायचा पांढरा थर) मारून पाहावे. पांढऱ्या थरावर लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट पुन्हा चढवू नये.

प्रश्न : घराच्या बांधकामासाठी ५०० आणि ५०० डी अशा दोन प्रकारच्या सळया सांगितल्या जातात. मजबुती सारखीच असेल तर डी कशासाठी घ्यावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्हींचा ५०० हा आकडा सळई कायमची लांबू लागण्यापूर्वीचा किमान ताण सांगतो, आणि तो सारखाच आहे. फरक त्यापुढे आहे. भारतीय मानकानुसार तुटेपर्यंत साध्या ५०० सळईने किमान १२ टक्के लांबले पाहिजे, डी सळईने १६ टक्के. भूकंपात घर हलते तेव्हा हे लांबणेच धक्का जिरवते, म्हणून मी डी घ्यावी असेच सांगेन. मालाबरोबर आलेल्या प्रमाणपत्रात ताण चाचणीशेजारी वाकवून पुन्हा सरळ करण्याच्या चाचणीचा निकाल आहे का, तेही पाहावे. या चाचणीत वाकवलेली सळई अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून मग उलट दिशेने उघडतात, आणि तिला तडा जाता कामा नये.