प्राचार्यपदाचा विचार करणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकेस

सप्रेम आशीर्वाद.

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात स्त्री आणि पुरुष असे वेगळे रकाने नसताना महाविद्यालयांच्या नेतृत्वातील वेतनविषमतेची चर्चा कशासाठी करायची, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तारखांमध्ये शोधावे लागते.

सहायक प्राध्यापकाचे प्रवेशाचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे, त्याच पदाच्या वरच्या, बाराव्या स्तराचे 79,800, आणि त्यानंतरच्या सहयोगी प्राध्यापकाच्या 13अ या स्तराचे 1,31,400. एवढी मोठी उडी या शिडीत दुसरीकडे कुठेही नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव आणि दहा शोधनिबंध यांच्याबरोबर सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक असणेही आवश्यक आहे. त्यामुळे जिची 13अ ची तारीख दोन-तीन वर्षे लांबते तिचा पगार तर मागे राहतोच, पण प्राचार्यपदाच्या मुलाखतीला ती पोहोचते तेव्हा निवृत्तीही जवळ आलेली असते. नेतृत्वातील स्त्रियांची कमतरता आणि वेतनातील तफावत हे मला म्हणूनच एकच दुखणे वाटते.

तारीख लांबते ती अगदी साध्या कारणांनी. मूल लहान असताना पदोन्नतीसाठी लागणारा रिफ्रेशर कोर्स राहून जातो, आणि तो पूर्ण होईपर्यंत कॅसची, म्हणजे सेवेतल्या पदोन्नतीच्या योजनेची, पात्रता पुढे सरकते. त्याहून वाईट स्थिती तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढलेल्या वर्षांची असते. पूर्वीची तात्पुरती सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर त्या काळातले एकूण वेतन नियमित प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, अशी अट याच विनियमांत आहे. म्हणजे ज्याला कमी पैशांत राबवून घेतले, त्याची वर्षेही त्याच कारणाने मोजली जात नाहीत. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जगजीत सिंग खटल्यात, 2016 साली, तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले आहे, हे माहीत असू दे.

प्रभारी प्राचार्यपद कोणी देऊ केले, तर हुरळून जाऊ नकोस. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, तयारी, विद्यापीठाचा पत्रव्यवहार, संस्थेच्या संध्याकाळच्या बैठका हे सगळे अंगावर येते आणि वेतन मात्र मूळ पदाचेच राहते. पद घ्यावे, अनुभव खरा असतो, पण आदेश लेखी घ्यावा, त्यात मुदत असावी, आणि नियमित निवडीची जाहिरात कधी निघणार हे पहिल्याच दिवशी विचारावे. बायकांनी असे विचारले की व्यवहारी म्हणून नाव ठेवले जाते, ठेवू देत.

विविधतेबद्दल थोडेच लिहितो. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात अध्यापकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे 43 टक्के होते, म्हणजे वर्गात स्त्रिया पुष्कळ आहेत. 1916 साली महर्षी कर्व्यांनी पुण्यात स्थापन केलेले महिला विद्यापीठ आज आपल्या मुंबईत आहे. 1857 पासूनच्या मुंबई विद्यापीठाला मात्र डॉ. मेहरू बंगाली आणि डॉ. स्नेहलता देशमुख अशा मोजक्याच स्त्री कुलगुरू लाभल्या. एकाकी पदाला, म्हणजे संवर्गात एकच असलेल्या पदाला, आरक्षण लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1998 साली ठरवले, त्यामुळे कुलगुरुपदापर्यंत दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातील प्राध्यापक पोहोचणे हे शोध समिती कुलपतींना जी किमान पाच नावे देते त्यांवरच अवलंबून राहते. त्या यादीत येण्याइतकी वरिष्ठता ज्याला वेळेवर मिळाली नाही, त्याचा विचार तिथे होणारच नाही.

तेव्हा या सुट्टीत कार्यालयातून सेवापुस्तकाची प्रत माग. नियुक्तीचा दिनांक, कोर्सच्या तारखा, पीएच.डी.ची अधिसूचना आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने केलेली वेतननिश्चिती एका कागदावर क्रमाने लिही, आणि तुझ्याबरोबर रुजू झालेल्या पुरुष सहकाऱ्याच्या तारखा त्याच्या संमतीने शेजारी मांड. फरक दिसला, तर अर्ज करण्याआधी तो कागद मला पाठव. मसुदा आपण दोघे मिळून करू.

तुझा,
सर