वेबरच्या आधी कांट कशाला वाचायचा?

तुम्ही विचारलंय, समाजशास्त्राच्या एम.ए.च्या पेपरला मार्क्स आणि वेबर आहेत, मग कांट-हेगेल या त्यांच्या आधीच्या जर्मन तत्त्वज्ञांच्या वाटेला जायचंच कशाला? माझं म्हणणं, जावंच. निदान एका प्रश्नासाठी तरी. माणसं हुकूम का मानतात?

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताने १७६२ मध्येच म्हटलं होतं की नुसत्या बळावर कोणी कायम मालक राहत नाही. बळाला हक्काचं आणि आज्ञापालनाला कर्तव्याचं रूप द्यावं लागतं. वेबर सत्ता आणि प्रभुत्व वेगळं काढतो ते याच वाटेने. विरोध मोडून आपलं खरं करणं ही सत्ता. प्रभुत्वात समोरचा हुकूम रास्त समजून पाळतो.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. कामावर घेणं-काढणं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात, त्यामुळे सणाला त्याच्या दारात नारळ घेऊन जावं लागे. आजोबांनी त्याला शेवटपर्यंत शिव्या घातल्या. वडिलांच्या हातात बदली कार्ड आलं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, नंबर लागला तर काम, नाहीतर घरी. ‘नियमच आहे तसा,’ म्हणायचे. शिव्या द्यायला माणूसच उरला नव्हता.

कांटला हवा होता बुद्धीला पटलेला, स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम. वेबरच्या कायदेशीर प्रभुत्वात, म्हणजे माणसाऐवजी नियमाला मानण्यात, त्यातलं अर्धंच उतरलं: मर्जी गेली, नियम आला, पण तो वडिलांनी घातलेला नव्हता. वेबरच्या १९०४-०५ च्या निबंधातला ‘लोखंडी पिंजरा’, म्हणजे माणसाला जखडणारी आधुनिक व्यवस्था, हा शब्द मुळात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सच्या १९३० च्या इंग्रजी अनुवादातला. जर्मन शब्दांचा अर्थ पोलादासारखं कठीण कवच. पिंजऱ्याचे गज निदान दिसतात. कवच अंगालाच बसतं. क्लासच्या नोट्समध्ये हा फरक नसतो, याचा मला खरंच राग येतो.

मार्क्सच्या आधी हेगेल लागतो तो असा. हेगेलच्या १८०७ च्या ग्रंथात मालकासाठी राबणारा दास राबता राबता घडवलेल्या वस्तूत स्वतःला ओळखू लागतो. मार्क्स १८४४ च्या हस्तलिखितांत दाखवतो की मजुरीच्या कामात तीच वस्तू कामगाराला परकी होते. वडील दिवसभर तागे विणायचे, आणि आमच्या घरी चादर उधारीवर यायची.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमवरही कांटचं ऋण आहे, पण त्याला नंतर घ्या.

सुरुवात कांटच्या १७८४ च्या प्रबोधनावरच्या निबंधापासून करा. छोटा आहे, कल्याण ते सीएसएमटी प्रवासात वाचून होईल. ‘हवा तितका वाद घाला, पण आज्ञा पाळा,’ असं तो एका राजाच्या तोंडी घालतो. तिथे खूण करून ठेवा आणि वेबर उघडा.